कवळीच्या आतलं अक्षर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे, आज हा कागद स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्याची एक प्रत वकीलबाईंकडे आहे आणि आणखी एक कुठे ठेवली आहे ते मी इथे लिहिणार नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, लालूच दाखवलेली नाही, औषध पाजलेलं नाही. गोड मात्र पुष्कळ जण बोलले आहेत. त्या गोड बोलण्याचा माझ्यावर काही परिणाम झालाच असेल, तर तो उलटा झाला आहे असं समजावं.

मी संशयी आहे असं माझ्या माघारी बोललं जातं. माझ्या तोंडावरही बोललं जातं, पण हसत. ते खरं आहे. पन्नास वर्षं लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेली. माणूस हसला की मला आधी त्याची हिरडी दिसते आणि मग तो का हसतोय हा प्रश्न पडतो. या मृत्युपत्रात मी सगळ्यांवरच संशय घेतला आहे, तेव्हा कोणी एकट्यानं वाईट वाटून घेऊ नये.

कलम १. नऊ वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते आजपासून रद्द. ते माझ्याकडून कोणी लिहून घेतलं होतं असं मुलीला वाटण्याचा संभव आहे. तसं काही नाही. ते मीच, शुद्धीवर, चहा पीत पीत लिहिलं होतं. त्यात काय होतं ते सहाव्या कलमात सांगते, कारण ते आत्ता सांगायला माझी जीभ रेटत नाही.

कलम २. मी कोण. वकीलबाई म्हणाल्या की याची गरज नसते. मला गरज आहे.

माझे वडील कवळ्या करायचे. मी दहा वर्षांची असल्यापासून मागच्या खोलीत त्यांच्याशेजारी बसून प्लॅस्टर कालवायची. त्यात बुडबुडा कसा राहू द्यायचा नाही, मेणावर दात बसवताना एखादा मुद्दाम किंचित वाकडा कसा बसवायचा म्हणजे तो खरा वाटतो, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. माझ्या थोरल्या भावाला त्या खोलीच्या वासानं मळमळायचं. वडील गेले आणि महिन्याभरात भाऊ एक कागद घेऊन माझ्याकडे आला. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, मांडीवर दोन महिन्यांची मुलगी.

म्हणाला, "काही नाही गं, नुसती सही पाहिजे. सगळं एकाच्या नावावर असलं की कामं पटापट होतात. तुला काय कमी आहे? तुझं घर आहे, नवरा आहे."

पेनही त्यानंच दिलं, टोपण काढून. मी सही केली. कागद वाचायला मागितला नाही. सख्ख्या भावासमोर कागद वाचत बसणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं मला तेव्हा वाटलं. दोन वर्षांत त्या जागेत टायरचं दुकान निघालं आणि वडिलांची हत्यारं भंगारात गेली. मेणाची एक सुरी तेवढी मी आधीच मागून आणली होती. खरं सांगायचं तर न मागता आणली होती.

तेव्हापासून मी प्रत्येक कागद वाचते. औषधाच्या डबीतला घडी घातलेला कागदसुद्धा वाचते. भाऊ आता हयात नाही. मी त्याला माफ केलं आहे असं त्याच्या मुलांना सांगावं, आणि त्यांनी उलटून "खरंच का?" असं विचारलं तर विषय बदलावा.

कलम ३. माझा धंदा.

तो मी सासरी, जिन्याखालच्या खोलीत, त्या एका सुरीवर उभा केला. यजमान गोदामात कारकून होते. काम वाढलं तशी त्यांनी नोकरी सोडली आणि ते पुढच्या खोलीत टेबलामागे बसू लागले. माणूस सरळ होता, हे मी लेखी देते. माप घेऊन आलेल्याशी बोलायचं, तयार माल दवाखान्यात पोचवायचा, हे ते नेटकं करत. अंगात पांढरा कोट असे. तो कोट मी माझ्यासाठी शिवून घेतला होता, प्लॅस्टर उडतं म्हणून. मला ढगळ झाला, त्यांना बसला.

कोट बसला आणि लोक त्यांना मास्तर म्हणायला लागले. म्हातारी माणसं नवी कवळी घालून त्यांच्यासमोर सफरचंद चावून दाखवायची, डोळ्यांत पाणी आणून त्यांचा हात हातात घ्यायची. ते संकोचून म्हणायचे, "अहो, घरातूनही मदत असते." मागच्या खोलीत पॉलिशची मोटर चालू असायची, तरी मला ऐकू यायचं. त्यांना दातांतली दाढ वेगळी ओळखता येत नव्हती. तरीही व्यापाऱ्यांच्या मंडळानं उत्तम कारागीर म्हणून सत्कार केला तो त्यांचाच. त्या दिवशी परत आल्यावर ते शाल माझ्या अंगावर घालायला आले. मी म्हटलं, राहू दे, प्लॅस्टर लागेल. याचा मला आजही पश्चात्ताप होतो. घालू द्यायला हवी होती.

मुलगा तिसरीत असताना दुकानाची पाटी रंगवली. यजमानांचं नाव, पुढे "आणि चिरंजीव". मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. ती माझ्याजवळ बसून पितळी साचे उकलत होती, आणि चिरंजीव बाहेर रंगाऱ्याचा ब्रश पळवून भिंतीवर मोटार काढत होते. त्या मुलाला आम्ही घरात राजा म्हणत आलो. या कागदातही तेच म्हणते, नाहीतर कोणाबद्दल लिहिलंय ते त्याचं त्यालाच कळायचं नाही.

आणखी एक पद्धत सांगायची राहिली. आमच्याकडे प्रत्येक कवळीच्या आत, टाळूच्या बाजूला, गुलाबी थरात कागदाची एक नखाएवढी चिठ्ठी बसवतात. तिच्यावर एक अक्षर असतं. कवळी तुटून परत आली की ती आपल्याकडची आहे का, हे त्यावरून ओळखायचं. वडिलांच्या दुकानात वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर असे. माझ्याकडे यजमानांचं. ते मीच काळ्या शाईनं लिहायचे, वर्षानुवर्षं, आणि यात काही वावगं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. यजमान गेल्यावर चिठ्ठ्यांचं काम मुलीकडे गेलं आणि मी ते पुन्हा कधी उलटून पाहिलं नाही.

कलम ४. दंतवैद्य.

आमच्याकडे सर्वात जास्त काम पाठवणारे दंतवैद्य वीस वर्षं फोनवर मला एकच वाक्य म्हणत आले: "मास्तरांना द्या." मास्तर गेले तेव्हा भेटायला आले, डोळे पुसले आणि म्हणाले, "वहिनी, आता काम कोण करणार?" मी म्हटलं, जी करत होती तीच करेल. त्यावर ते असे हसले, जणू मी दुःखातही विनोद करते याचं त्यांना कौतुक वाटलं. पुढचे तीन महिने त्यांनी सगळी कामं पुलाजवळच्या कवळीवाल्याला दिली. तो कवळीवाला घोड्याचे दात माणसाला बसवतो. एका सभेत एका पुढाऱ्याची कवळी भाषणाच्या मधोमध सुटली, तेव्हा दंतवैद्य परत आमच्याकडे आले. वर्षभरानं मला म्हणाले, "राजानं बाकी छान सांभाळलंय हो सगळं." राजा त्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कचेरीत नोकरी करत होता. आजही करतो.

सदर दंतवैद्यांना मी त्यांच्या स्वतःच्या वरच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा देते. तो कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. त्यांचे पुढचे चार दात मी केलेले आहेत. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही, आणि हे मृत्युपत्र मोठ्यानं वाचलं जाईपर्यंत सांगणारही नाही.

कलम ५. घर, बँक आणि सून.

वरचं राहतं घर दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. बँकेत जे असेल तेही तसंच. त्याबद्दल माझा कोणावर संशय नाही, कारण तिथे संशय घेण्याइतकं काही नाही.

माझे दागिने आणि चाकांची निळी प्रवासी बॅग सुनेला. बॅग का, ते तिला माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहिते. चार वर्षांपूर्वी तिला तिच्या कंपनीनं वरच्या जागेवर बढती दिली होती, दुसऱ्या शहरात. राजा म्हणाला, "निर्णय पूर्णपणे तुझा. मी एक शब्द बोलणार नाही." आणि खरोखरच तो तीन आठवडे एक शब्द बोलला नाही. जेवताना नाही, चहा घेताना नाही. बाविसाव्या दिवशी सुनेनं बढती नाकारली, त्या संध्याकाळी त्यानं तिच्यासाठी फुलं आणली आणि स्वतः स्वयंपाक केला. राजाला स्वयंपाक चांगला येतो. पाहुणे असले की येतो. त्याच्या कचेरीत तो नव्या लोकांना स्त्री-पुरुष समानतेवर भाषणं देतो. मी एक भाषण त्याच्या फोनवर ऐकलं आहे. फार चांगलं बोलतो. मला त्यात एकही चूक काढता आली नाही, आणि मला चूक काढता आली नाही की माझा संशय वाढतो.

ते तीन आठवडे मी काय करत होते, हेही इथे यायला हवं. सून एकदा माझ्याजवळ येऊन बसली होती. "आई, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "मुलं अजून लहान आहेत, नाही का." ते मी सल्ला म्हणून म्हटलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. तर सुनेनं पुढच्या वेळी आधी बॅग भरावी आणि मग घरात सांगावं. मला विचारायची सोय तेव्हा नसेल, ते बरंच आहे.

कलम ६. वर्कशॉप, त्यातली हत्यारं, नाव आणि गिऱ्हाईक.

मुख्य मुद्दा हाच. बाकी सगळं मी इथवर यायला वेळ लावण्यासाठी लिहिलं, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

माझी मुलगी आज अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. गेली एकोणीस वर्षं, म्हणजे यजमान गेल्यापासून, वर्कशॉप तिच्या हातावर चाललं आहे. माझे हात थरथरायला लागून सहा वर्षं झाली. तिच्या हाताखाली दोन बायका काम करतात. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, कारण आमच्या वडिलांनीही मला कधी सांगितलं नव्हतं आणि माझं त्यानं काही अडलं नाही, असं मी समजत होते.

तीन आठवड्यांपूर्वी राजा एक फाईल घेऊन आला. छान प्लास्टिकची, आत रंगीत पानं. वर्कशॉप वाढवायचं, कर्ज काढायचं, नवी यंत्रं आणायची. त्यासाठी जागा आणि धंदा त्याच्या नावावर हवा, बँकेला तसं बरं पडतं.

"आणि तुझी ताई?" मी विचारलं.

"ताई तांत्रिक प्रमुख! तसं रीतसर पद देऊ ना तिला. काम ताई बघेल, निर्णय मी बघेन. तिलाच डोक्याला ताप नको म्हणून म्हणतोय, आई. फक्त एक सही."

त्यानं खिशातून पेन काढलं आणि टोपण काढून माझ्यापुढे धरलं. भावाचं काही त्याला कधी मी सांगितलेलं नव्हतं. कोणी शिकवल्याशिवाय ही माणसं टोपण अगदी तसंच कसं काढतात, हे मला अजून उमगलेलं नाही. मी म्हटलं, फाईल ठेवून जा, वाचते. तो हसला. "वाच की! पण मुलावर संशय घेतेस?" मी म्हटलं, हो.

राजा वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो बहिणीच्या दुखण्याखुपण्याला धावून येतो, माझी औषधं आणतो. ताईचं नुकसान होतंय असं त्याच्या मनातही येत नाही, आणि मला त्याच गोष्टीची भीती वाटते.

त्यानंतरच्या आठवड्यात माझी नवी कवळी तयार झाली. मुलीनंच केली. मी ती भिंग घेऊन तपासायला बसले. मुलीच्या कामावर माझा विश्वास आहे, पण दातांचा माल हल्ली हलका येतो. दात चांगले होते. बैठक सुरेख होती. मग ती उलटी करून दिव्यापाशी धरली, आणि आतल्या चिठ्ठीवर राजाच्या नावाचं पहिलं अक्षर दिसलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, फाईल नंतरची, याचं काम आधीपासून चाललंय. बोळक्या तोंडानंच राजाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, तरी उचलला. "कसलं अक्षर? आई, कवळीत अक्षर असतं हे मला आज कळतंय. तू ठीक आहेस ना?" माझा अजिबात विश्वास बसला नाही. मग मी मुलीला हाक मारली. ती हात पुसत आली.

"हे अक्षर तुला कोणी घालायला सांगितलं?"

तिनं कवळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तूच की."

"मी?"

"बाबा गेले त्याच्या दुसऱ्या महिन्यात. मी विचारलं नव्हतं का, आता बाबांच्या अक्षराऐवजी काय घालायचं म्हणून? तू मोटरवर पॉलिश करत होतीस. म्हणालीस, राजाचं घाल, दुसरं कोणाचं घालणार."

मला ते आठवत नाही. पण ती खोटं बोलत नाही, आणि वाक्य माझंच आहे. मी वर न बघता, हातातलं काम न थांबवता ते म्हटलं असणार. विचार करून मुलीचं अक्षर नाकारलं असतं, तर निदान स्वतःशी भांडायला काहीतरी मिळालं असतं. तिचं अक्षर मला सुचलंच नाही. एकोणीस वर्षं या शहरातली शेकडो माणसं तिनं केलेल्या दातांनी खाताहेत, बोलताहेत, खोटं हसताहेत, आणि त्या सगळ्यांच्या टाळूला राजाचं अक्षर चिकटलेलं आहे. त्या राजाला प्लॅस्टर कालवता येत नाही.

म्हणून आता ते रद्द केलेल्या मृत्युपत्राचं सांगते. त्यात लिहिलं होतं: वर्कशॉप मुलास, दागिने मुलीस. एवढंच. दोन ओळी. कोणी बळजबरी केली नव्हती. भावानं माझ्याकडून सही घेतली तेव्हा तो निदान समोर बसला होता. मुलीच्या वेळी तेही कोणाला करावं लागलं नाही. मी जन्मभर दारं-खिडक्या लावून संशय घेत बसले, आणि ज्या बाईवर घ्यायला हवा होता ती आत बसून चहा पीत होती.

सबब, सदर वर्कशॉप, त्याची जागा, सर्व साचे, मोटर, भट्टी, वडिलांची सुरी, गिऱ्हाइकांच्या वह्या आणि दुकानाचं नाव असं सर्व मी माझ्या मुलीस देते. एकटीला, पूर्ण मालकीनं. पाटी तिनं बदलावी किंवा बदलू नये. अक्षर मात्र बदलावं.

कलम ७. मुलीवरचा संशय.

मला सर्वात मोठा धोका मुलीकडूनच वाटतो. राजा चार दिवस रुसेल, मग एका रविवारी तिच्याकडे जाईल आणि नुसता बसून राहील. बोलणार काहीच नाही. ते त्याला जमतं. तेवढ्यानं ती विरघळेल आणि म्हणेल, घे रे बाबा, तुझंच आहे. तिला भावाचं तोंड उतरलेलं बघवत नाही. मलाही बघवत नव्हतं.

म्हणून अट घालते. माझ्या मृत्यूनंतर दहा वर्षांच्या आत मुलीनं हे वर्कशॉप किंवा त्याचा कोणताही भाग भावाला बक्षीस दिला, हक्क सोडला, किंवा त्याला निर्णय बघायला बसवलं, तर त्याच दिवशी ही सर्व मिळकत पुलाजवळच्या कवळीवाल्याला जाईल. होय, त्यालाच. दोन्ही मुलांना त्याच्याबद्दल काय वाटतं ते मला ठाऊक आहे. या एका बाबतीत बहीणभावाचं पहिल्यापासून एकमत आहे.

ही अट न्यायालयात टिकेल की नाही याबद्दल वकीलबाईंना शंका आहे. टिको न टिको, ती वाचून मुलगी घाबरली तरी पुरे. वकीलबाईंबद्दलही लिहून ठेवते. पहिला वकील राजाचा वर्गमित्र निघाला. त्याच्या मसुद्यात मुलीला "योग्य तो मान" आणि वर्कशॉपमध्ये "ये-जा करण्याचा हक्क" होता. या वकीलबाई दुसऱ्या. तरुण, हुशार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यावर जावयांची काही हरकत?" मी म्हटलं, "मुलाला देत असते, तर सुनेची हरकत विचारली असती का?" त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "नसती विचारली. सवयीनं गेलं तोंडातून." तसं कबूल केलं म्हणून काम त्यांना दिलं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

कलम ८. राजास. तुझी फाईल मी पूर्ण वाचली. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात जे आहे ते तूही वाच, बँक तुलाही फसवते आहे. माझा तुझ्यावर जीव आहे. तो तुझ्या वाट्याला पहिल्यापासून जास्त आला, म्हणून आज मिळकतीत कमी येतो आहे. ताईकडे जाशील तेव्हा नुसता बसून राहू नकोस. काय म्हणायचं असेल ते बोल. तिला उत्तर देता येईल असं बोल.

कलम ९. इथपर्यंत काल लिहून झालं होतं. आज सह्या करायला दोन्ही साक्षीदार वर्कशॉपमध्ये येऊन बसले: शेजारच्या चष्मेवाल्या बाई आणि समोरचे घड्याळजी. जिला मिळकत मिळायची ती खोलीत नसावी, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. त्याप्रमाणे मुलगी दाराबाहेर उभी होती. दार मात्र लागत नाही, त्याची कडी मोडली आहे. मी साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तिनं ते सगळं ऐकलं. जे घडलं ते लपवायचं नाही म्हणून हे कलम वाढवते.

वाचून झाल्यावर ती दारातूनच म्हणाली, "राजाला विचारलंस का?"

मी म्हटलं, "नाही विचारलं. आणि तूही विचारायचं नाही."

ती ऍप्रनला हात पुसत राहिली. मी विचारलं, "तो येऊन बसला तर सही करशील त्याला?"

"माहीत नाही."

"एवढं सगळं लिहिलं मी! अट घातली. तरी माहीत नाही?"

"कागदावर लिहिलंस, आई," ती म्हणाली. "वकिलाला सांगितलंस, यांना वाचून दाखवलंस. मला कधी म्हणालीस? चाळीस वर्षं मी इथे बसतेय. तू मला म्हणत आलीस, जरा राजाचं काम कर, पुढे बाबांकडे जा, पाहुण्यांना चहा दे आणि मग साचा उकल. हे तुझं आहे, असं एकदा तरी तोंडानं म्हणालीस? म्हणाली असतीस, तर मी राजाला नाही म्हटलं असतं. आता म्हणेन की नाही, ते मला तरी कसं सांगता येईल?"

साक्षीदार दोघंही खाली बघत होते. मी पेन खाली ठेवलं, कवळी नीट बसवली आणि उठून दारापाशी गेले. जे म्हणायचं ते म्हणाले. ते वाक्य इथे लिहीत नाही, कारण ते लिहिण्यासाठी नव्हतं. ती रडली. मीही रडले. त्यानंतर ती सही करणार नाही याची मला खात्री पटली का? नाही. पण आता मला या कागदाचा भरवसा आधीपेक्षा कमी आणि तिचा जास्त वाटतो. सातव्या कलमातली अट खोडायची का असं वकीलबाईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, असू द्या. असू दिली.

साक्षीदारांनी माझी सही समोर झाली एवढ्यापुरतीच साक्ष न देता, ते वाक्य मी म्हटलं याचीही साक्ष द्यावी, अशी माझी विनंती आहे.

हे सर्व वाचून, समजून, पुन्हा एकदा वाचून सही केली.

ठिकाण: वर्कशॉप, मागची खोली, खिडकीजवळचं टेबल.
वार व वेळ: गुरुवार, महिन्याची नऊ तारीख, सकाळचे साडेअकरा.

(सही) लिहून ठेवणारी, कवळ्या बनवणारी

साक्षीदार १, शेजारच्या चष्मेवाल्या बाई: सही माझ्यासमोर झाली. वाक्य ऐकलं. (सही)

साक्षीदार २, समोरचे घड्याळजी: सही पाहिली. वाक्य ऐकलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही म्हणून बाई दुसऱ्यांदा म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा मुलीचं नाव घेऊन म्हणाल्या. (सही)